एका रिकाम्या ओळीसाठी

३ मार्च, सोमवार
बी विंगला आज पाणी गेलं नाही. दोष माझा नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो.

सकाळी धीरज दारात उभा. बी विंगमधला, कारखान्यात केमिस्ट, नाइट शिफ्ट करून आलेला. कमरेला टॉवेल, कानात साबण. "काका, ह्या काय प्रकार हाय? आमी अंगोळ करायची नाय का?" मी शांतपणे म्हणालो की अर्ध्या कपड्यांत पाणी समितीच्या अध्यक्षाशी बोलू नये. मग आत येऊन तपास केला.

पूर्वी आमचा वॉचमन रामकिसन मनाला येईल तसे कॉक फिरवायचा. मी रिटायर झालो, सोसायटीने पाणी समिती माझ्याकडे दिली, मी शिस्त आणली. (सभासद मी एकटाच. त्यामुळे मतभेद नाहीत.) आता रामकिसन रोज टाकीत किती पाणी आहे ते सांगतो, मी आकडा कॉम्प्युटरवर 'कोडवही'त टाकतो, वेळापत्रक छापून निघतं, पंपरूमवर चिकटतं. कागदाशिवाय कॉकला हात लावायचा नाही, असा लेखी आदेश आहे.

कोडवही म्हणजे वहीसारखीच. पानावर थोडा प्रोग्रॅम लिहा, बटण दाबा, खाली लगेच उत्तर. आमच्या जावयाची कंपनी ती बनवते. त्यातही प्रोग्रॅमचा तुकडा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे ओळखणारा जो भाग आहे, तो खुद्द नीलेशराव सांभाळतात. आणि तिथेच घोटाळा.

माझी वरची ओळ : टाकी अर्ध्याहून जास्त भरली असेल तर. तिच्या पोटात दोन ओळी : ए विंग चालू. बी विंग चालू. काल मी त्या दोघींच्या मध्ये एक ओळ रिकामी सोडली. वाचायला मोकळं वाटतं, बाकी काही नाही. तर या शहाण्या वहीला वाटलं, रिकामी ओळ आली म्हणजे विषय संपला. बी विंग बाहेर फेकली. एक लाल ओळ दाखवली, वेळापत्रकात बी विंगपुढे 'बंद' छापलं आणि मोकळी झाली.

इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटमध्ये आयुष्य काढलं मी. असा एक गेज माझ्या हाताखाली टिकला नसता.

४ मार्च, मंगळवार
जावयाला फोन केला. म्हणाला, "हो बाबा, माहीत आहे तो प्रॉब्लेम. जूनच्या व्हर्जनमध्ये नीट करतोय. तोपर्यंत मध्ये रिकामी ओळ सोडू नका."

सोडू नका. मला. सासऱ्याला.

मंदा म्हणते, काढून टाका की ती ओळ, आहे काय त्यात. इतक्या वर्षांच्या संसारात तिला तत्त्व ही वस्तू कधी कळली नाही.

संकल्प : १) रिकामी ओळ काढणार नाही. २) जावयाशी कामापुरतंच बोलायचं. ३) रोज सकाळी बेटेगावपर्यंत चालायचं.

६ मार्च, गुरुवार
बी विंगला पाणी नाही. तिसरा संकल्प उद्यापासून. आज शिफ्टच्या बसची धूळ फार होती.

सोसायटीच्या ग्रुपवर धीरजने लिहिलं की अध्यक्षांना कॉम्प्युटर येत नसेल तर आमी शिकवतो. त्याखाली हसणारी तोंडं. त्यांतलं एक तोंड ए विंगचं होतं. नाव नोंदवून ठेवलं आहे.

रामकिसनला लोकांनी पंपरूमपाशी घेरलं. तो म्हणाला, "साब के कागज में बी विंग बंद लिखा है, तो बंद है." या इमारतीत शिस्त कळणारा एकच माणूस. त्याला चहा पाजला. मंदा म्हणाली, त्याला पाजलात, आता बी विंगलाही पाजा. मी पेपर उघडला. उत्तर नव्हतं म्हणून नाही.

८ मार्च, शनिवार
कोडवही वापरणाऱ्यांनी जाहीर तक्रारी लिहायच्या, अशी एक जागा कंपनीने इंटरनेटवर ठेवली आहे. तिथे आज तक्रार घातली. माझं नाव दिलं नाही. 'एक जागरूक नागरिक' एवढंच. भाषा संयत ठेवली. हा भाग ज्याने लिहिला त्याला पुन्हा बालवाडीत बसवावं, असं एकदाच म्हटलं. नंतर वाचून पाहिलं तर तीनदा म्हटलं होतं. राहू दिलं. ठसतं.

पुरावा म्हणून आमचं वेळापत्रकही जोडलं.

फार दिवसांनी जेवण चांगलं गेलं.

१० मार्च, सोमवार
उत्तर आलं. "आपण वेळ काढून इतकं सविस्तर कळवलंत, आभारी आहे. आपल्याला त्रास झाला याचं वाईट वाटतं." खाली नाव : नीलेश.

त्याला ठाऊक नाही मी कोण. तरी इतका नम्र! म्हणजे हा माणूस सगळ्यांशीच असं वागतो. मला आजवर वाटायचं, सासरा म्हणून मान देतो. कुणालाही देतो की!

वर आणखी दोन परिच्छेद चढवले.

१२ मार्च, बुधवार
हेमांगीचा फोन. पोरीचा आवाज उतरलेला. म्हणाली, "बाबा, कुणीतरी विकृत माणूस नीलेशच्या मागे लागलाय. जाहीर काहीबाही लिहितो. साहेबांनी वाचलं. जूनचं काम आता याच महिन्यात पाहिजे म्हणतात. तो धड जेवत नाही की झोपत नाही."

मी म्हणालो, समाजात असे लोक असतात. मग म्हणालो, पण मुद्दा बरोबर असेल त्या माणसाचा. ती म्हणाली, "मुद्दा बरोबर असला म्हणून माणसाला बालवाडीत पाठवायचं?" मी विचारलं, असं लिहिलंय का त्याने? आवाजात आश्चर्य चांगलं आलं.

मंदा वाल सोलत होती. फोन ठेवल्यावर तिने वालाची ताटली बाजूला सारली. कोण असेल हो तो, म्हणाली. मी म्हणालो, पुण्याचा असणार.

एक लक्षात आलं. कोडवहीच्या आतलं सगळं कंपनीने उघडं ठेवलं आहे. कुणीही उतरवून घ्यावं, दुरुस्त करावं, पाठवावं. म्हणजे उपाय माझ्याच हातात. दोन दिवसांचं काम. जावयाला महिना लागतो, त्याला मी काय करू?

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड
खाली सगळे रंग खेळतायत. बी विंगवालेसुद्धा. रंग धुवायला पाणी कुठून आणणार, हा विचार त्यांनी केलेला नाही. दूरदृष्टी नाही.

जावयाची पद्धत काय आहे ते हेमांगीकडून काढून घेतलं. रिकामी ओळ आली की थांबायचं नाही, पुढची भरलेली ओळ बघायची. ती आत सरकवून लिहिलेली असेल तर अजून त्याच तुकड्यातली. कडेला चिकटून असेल तर तुकडा संपला. बस.

हसू आलं. इतकं सोपं असतं तर कुणीही केलं असतं.

माझी पद्धत : तुकडा कधी संपला हे लिहिणारा ठरवेल, वही नाही. लिहिणाऱ्याने शेवटी 'संपले' असा शब्द टाकायचा. तोवर वहीने गप्प थांबायचं. घरात असो, प्लँटमध्ये असो, मोठ्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत थांबावं.

१७ मार्च, सोमवार
माझी कोडवही सुरू झाली! आकडा टाकला, बटण दाबलं. थांबली आहे. म्हणजे नियम पाळते. जावयाची वही कधी थांबली होती?

संध्याकाळ. अजून थांबली आहे.

आज वेळापत्रक निघालं नाही, म्हणून कुठल्याच विंगला पाणी गेलं नाही. मंदाने विचारलं, हाताने लिहून द्या ना रामकिसनला. मी म्हणालो, मागे जायचं नाही. ती आत गेली आणि बादल्या आपटल्या.

१८ मार्च, मंगळवार
कारण सापडलं. मी एका जागी 'संपले' लिहिलं होतं, दुसऱ्या जागी 'संपलं'. वहीला दोन्ही एक वाटत नाहीत. बरोबरच आहे तिचं. शुद्धलेखनाची सवय सुटली की अशी वेळ येते. कुणाची सुटली तो मुद्दा वेगळा.

दोन्हीकडे 'संपले' केलं. थांबली आहे.

आता ए विंगवालेही दारात. कालपर्यंत माझ्या बाजूचे. जिन्यात रिकामे ड्रम ठेवून गेले. मी दार उघडलं नाही. बी विंगवर अन्याय होतो म्हणून ओरडत होते ना? घ्या, समानता.

मंदा धुण्याचं बोचकं घेऊन पालघरला हेमांगीकडे गेली. अंघोळ करून येते म्हणाली. पिशवीत चार साड्या होत्या. अंघोळीला चार साड्या कशाला?

२० मार्च, गुरुवार
माझी दुरुस्ती कंपनीला पाठवली. 'जागरूक नागरिक' म्हणूनच.

जावयाचं उत्तर दुपारीच आलं. लांबलचक. म्हणे, तुमचा बदल मी चालवून पाहिला. लोकांच्या जुन्या वह्यांत 'संपले' हा शब्द कुठेच नाही, त्यामुळे त्या सगळ्या वाट बघत बसतील. एका तुकड्याखाली जरी तो राहिला तरी तेच, तुमच्याकडेही बसली असेल. वाटल्यास फोनवर बोलू या, मी समजावून सांगतो, मला आवडेल.

तुमच्याकडेही बसली असेल! हेरगिरी करतो की काय?

ताबडतोब त्याच्या साहेबांना लिहिलं. या गृहस्थाला या कामावरून काढा. एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने आयता हातात दिलेला उपाय हा माणूस नाकारतो, वर शिकवायला बघतो. पाठवलं. दोन बिस्किटं खाल्ली. मंदा नसल्यामुळे चहाला चव नव्हती. दूध नासलं होतं म्हणून असेल.

२३ मार्च, रविवार
सोसायटीची सभा. विषय एकच. मी प्रस्तावना सुरू केली. इतिहासापासून घेतलं. इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटपर्यंत पोहोचलो तेवढ्यात धीरज उठला. "काका, आमाला तुमचा इतिहास नको, नळाला पानी पायजे." टाळ्या. अशिक्षित टाळ्या.

टाकीला आपोआप चालणारे व्हॉल्व्ह बसवायचे, असा ठराव त्याने मांडला. हात वर. मी मोजायला उभा राहिलो तेव्हा विरोधात फक्त माझाच होता आणि तो मोजायच्या नादात खालीच राहिला. ठराव एकमताने पास.

व्हॉल्व्ह यायला वेळ आहे. तोवर रामकिसन पूर्वीसारखा कॉक फिरवणार. मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

सभेनंतर लगेच नळाला पाणी आलं. मी तोंडसुद्धा धुतलं नाही. निषेध.

२७ मार्च, गुरुवार
मंदा परत आली. म्हणाली, नीलेश सोळा-सोळा तास बसतो, हेमांगीशी बोलायला त्याला वेळ नाही, ती एकटी रडते. मी म्हणालो, काम जमत नसेल तर रडू येणारच. ती म्हणाली, "रडते ती हेमांगी. नीलेश नाही."

पाडव्याला दोघं जेवायला येणार आहेत. संकल्प : जावयाशी मोठ्या मनाने वागायचं. त्याची चूक झाली म्हणून मी कमीपणा का घेऊ?

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा
हे नीट लिहिलं पाहिजे, कारण पुढे याचा विपर्यास होणार.

दोघं आली. नीलेशरावांचे डोळे खोल गेलेले, शर्ट ढगळ झालेला. वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, मोठ्या मनाने. पानं वाढली. श्रीखंड, पुऱ्या, वालाचं बिरडं. सगळं सुरळीत.

पुरी तोडता तोडता तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला इथले, सरावलीतले लोक माहीत असतात. आमच्या साहेबांनी एका माणसाला भेटून यायला सांगितलंय. तोच, तक्रारी लिहिणारा. त्याने जोडलेल्या कागदावर तुमच्याच सोसायटीचं नाव आहे. कोण असेल?"

मंदाच्या हातातला डाव थांबला. हेमांगी माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, "धीरज. बी विंग. तळमजला."

का म्हणालो? तर्काने. बोंबाबोंब तोच करतो ना? एका अर्थी मूळ तक्रारदार तोच. मी फक्त लिहून काढलं.

वाटलं, जेवून मग जाईल. तर हा हात धुऊन लगेच उठला. म्हणाला, सणाचा दिवस आहे, भेटून शुभेच्छाही देतो. मी म्हणालो, तो झोपला असेल. म्हणाला, उठवत नाही, बघून येतो. थोडं श्रीखंड वाटीत घेऊन गेला. मला शिव्या देणाऱ्या माणसाला श्रीखंड घेऊन मी कधी गेलो नसतो. म्हणजे, त्याला देणाऱ्या.

खूप वेळ आला नाही. मी पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो. मंदाने पंखा बंद केला.

आला तो धीरजला घेऊनच. धीरज दारातून आत आला नाही. "काका, माजं नाव सांगितलंत तुमी? मला ती वही काय असते ता पन ठावूक नाय. मी पान्यासाठी बोंबलतो, तोंडावर बोंबलतो. लपून नाय लिहित." वाटी मंदाच्या हातात दिली, काकी श्रीखंड फस्क्लास हाय म्हणाला आणि जिना उतरला.

मी म्हणालो, बघा, खोटं बोलतोय. कुणीच बघितलं नाही.

हेमांगीने पुरी पानात ठेवली. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही?"

मी सांगायला लागलो की प्रश्न व्यक्तीचा नसून रिकाम्या ओळीचा आहे, पण तिला पुढचं ऐकायचंच नव्हतं. "तीन आठवडे तो त्या माणसाला उत्तरं लिहीत होता. मी म्हणायचे, सोड, ब्लॉक कर. तो म्हणायचा, म्हातारे असतील गं कुणी, भाषेवरून वाटतं, एकटे असतील."

एकटे! मी!

नीलेशरावांनी स्वतःचं पान उचलून ठेवलं. मग म्हणाले, "दोष खरा होता, बाबा. तुम्ही फोन केलात तेव्हाच मी नीट ऐकून घ्यायला हवं होतं."

सुनावलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. चार उत्तरं तयार होती. पण हा माणूस भांडतच नाही. अपमान करायची ही कुठली पद्धत?

मग तो उठला, माझ्या कॉम्प्युटरवर बसला, त्याची नवी कोडवही घातली. परवाच पुरी झाली म्हणे. माझा जुना प्रोग्रॅम त्याने जसाच्या तसा चालवला. ए विंग चालू. बी विंग चालू. रिकामी ओळ मध्ये जागेवर. मी चष्मा लावून तपासलं. चूक सापडली नाही. अजून तपासणार आहे.

हेमांगी खाली रिक्षात जाऊन बसली होती. पान तसंच. मंदाने डबा भरून दिला, तो तिने परत पाठवला.

४ एप्रिल, शुक्रवार
नवी वही पाच दिवस बिनचूक चालली. मी वेळापत्रक छापतो, चिकटवतो. रामकिसन बघत नाही, पण ते तिथे आहे.

आज व्हॉल्व्ह बसले. रामकिसनने चिकटलेले कागद खरवडून, पत्रा घासून पंपरूमचं दार धुतलं. पाणी भरपूर होतं.

कंपनीला जाहीर लिहिलं की दुरुस्ती समाधानकारक आहे आणि तिची मूळ प्रेरणा माझी. खाली खरं नाव दिलं. कुणी उत्तर दिलं नाही. ते काम आता दुसऱ्या कुणाकडे गेलंय. नवीन माणसाला रीत नाही.

हेमांगीला फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

८ एप्रिल, मंगळवार
फोन केला. कामात असेल.

१२ एप्रिल, शनिवार
हेमांगीचा फोन आला. मंदाच्या फोनवर. मी टीव्हीचा आवाज बारीक केला, पण मंदा गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं.

आत आल्यावर तिने टीव्ही बंद केला. मग सांगितलं. नीलेशला बढती मिळाली. हैदराबादला. त्याच्या साहेबांनी म्हणे ती तक्रारींची सगळी उत्तरं पहिल्यापासून वाचली. इतकं ऐकून घेऊनही ज्या माणसाचा तोल सुटत नाही, त्याच्या हाताखाली माणसं द्यायला हरकत नाही, असं म्हणाले. पुढच्या रविवारी जाणार. पालघरचं घर सोडणार.

मी म्हणालो, म्हणजे माझ्यामुळेच झालं. तिने मान हलवली. म्हणाली, "हो. तुमच्यामुळेच."

मग विचारलं, रविवारी आपल्याला किती वाजता निघायला हवं? सामान असेल, रिक्षा मोठी लागेल, मी बोईसरहून ठरवून टाकतो. ती पदराशी चाळा करत होती. म्हणाली, मी जाते. तुम्ही येऊ नका असं हेमांगी म्हणाली.

ठीक आहे. रविवारी मला तशीही वेळ नव्हती. काय काम आहे ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

रविवार :